वाईट स्प्रिंट खोडू नका

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: सॉफ्टवेअर टीमने आजवर किती काम पूर्ण केलं यावरून पुढच्या वर्षाचा रोडमॅप, म्हणजे कामांचा आराखडा, कसा आखायचा? नमनाला घडाभर तेल नको, थेट पत्रांकडे वळते. एवढंच आधी सांगते की मी टेस्टिंगमधून डिलिव्हरीकडे आले. त्यामुळे 'नव्वद टक्के झालंय' असं कुणी म्हटलं की माझ्या वहीत त्याची नोंद शून्य होते. खाली जिथे 'पूर्ण' म्हटलंय तिथे टेस्टिंग होऊन वापरणाऱ्याच्या हाती देता येईल असं काम, एवढाच अर्थ घ्यावा. स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेचं एक छोटं काम आणि बॅकलॉग म्हणजे उरलेल्या कामांची यादी.

ताई, आमची सात जणांची टीम आहे आणि स्प्रिंट दोन आठवड्यांचा. मागच्या १० स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या स्टोऱ्या अशा: ७, ९, ४, ८, ११, २, ८, ६, ९, ६. सुरुवातीला बॅकलॉगमध्ये १२४ स्टोऱ्या होत्या, आता ८४ उरल्या आहेत. सरासरी ७, म्हणजे अजून १२ स्प्रिंट. पण '२' आला तेव्हा सर्व्हर बदलण्याचं काम अचानक अंगावर आलं होतं आणि '४'च्या वेळी दोघं आजारी होते. हे दोन अपवाद वगळले तर सरासरी ८ येते आणि ११ स्प्रिंटमध्ये काम संपतं. डायरेक्टरना १२ सांगू की ११? — एक प्रॉडक्ट ओनर

दोन्ही नको.

आधी त्या खोडाखोडीबद्दल. तुम्ही '२' आणि '४' यांची कारणं दिलीत, पण ११ स्टोऱ्या झाल्या त्या स्प्रिंटमध्ये काय वेगळं घडलं होतं हे लिहिलं नाहीत. तो आकडा कुणालाच अपवाद वाटत नाही. वाईट स्प्रिंटची चौकशी होते, चांगल्याचं फक्त कौतुक होतं, आणि अशा छाननीतून उरलेली सरासरी नेहमी वरच्या बाजूलाच झुकते. पुढच्या वर्षी सर्व्हर बदलावा लागणार नाही, मान्य. पण दुसरं काहीतरी येईल: सिक्युरिटीची एखादी तातडीची दुरुस्ती, दुसऱ्या टीमने न सांगता बदललेला इंटरफेस, किंवा एखाद्याचा राजीनामा. प्रत्येक वेळचं कारण निराळं असलं तरी दहातले दोन स्प्रिंट बिघडतात, हा तुमच्या टीमचा इतिहास आहे. पुढचा अंदाज त्याच इतिहासावरून काढायचा आहे.

जुने आकडे टाकून द्यायचा प्रसंग कधीच येत नाही असं नाही. अर्धी टीम बदलली, स्प्रिंटची लांबी बदलली किंवा कामाचा प्रकारच बदलला, तर त्या बदलाआधीचे सगळे आकडे बाजूला ठेवा. सगळे, चांगलेसुद्धा. मधूनमधून वेचून काढायचे नाहीत.

आता तुमच्या १२कडे. ८४ भागिले ७ बरोबर १२, गणित चोख आहे. पण तेवढ्या मुदतीत काम संपण्याची शक्यता साधारण निम्मीच असते. नाणं उडवून दिलेली तारीख म्हणा ना. डायरेक्टरना हे कुणी सांगत नाही आणि ते बारावा स्प्रिंट काळ्या दगडावरची रेघ समजून पुढची आखणी करतात.

शक्यता काढायची एक सोपी रीत आहे. १९४६मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती आजारातून उठताना पत्त्यांचा पेशन्स खेळत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्रांनी काढता काढता त्याच्या मनात आलं की डाव शंभर वेळा मांडून किती वेळा सुटतो ते मोजलं तर? हा विचार त्याने गणिती जॉन फॉन नॉयमन यांच्यापुढे मांडला. त्याचे सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी जुगाराच्या अड्ड्यावरून त्याला 'मॉन्टे कार्लो' हे नाव सुचवलं आणि १९४९मध्ये मेट्रोपोलिस व उलाम यांचा त्यावरचा निबंध छापून आला. तेव्हा ही रीत अणुबाँबमधल्या न्यूट्रॉनच्या हिशेबासाठी हवी होती. तुम्हाला ती स्प्रेडशीटमध्ये करता येते.

तुमचे दहा आकडे एका रकान्यात लिहा. त्यांतला एक आंधळेपणाने उचला, तो झाला तुमचा पुढचा स्प्रिंट. परत दहांतूनच दुसरा उचला, तो त्याच्या पुढचा. बेरीज ८४ झाली की थांबा आणि किती स्प्रिंट लागले ते लिहून ठेवा. हेच दहा हजार वेळा करा. आकडा उचलायला एक्सेलमधली 'रँडबिटवीन' आणि 'इंडेक्स' ही दोन फंक्शनं पुरतात. तुमच्या आकड्यांवर उत्तरं साधारण अशी येतात: ११ स्प्रिंटमध्ये संपण्याची शक्यता २२ टक्के, १२मध्ये ५२, १३मध्ये ८० आणि १४मध्ये ९४. अपवाद वगळून तुम्ही जो ११ काढला होता, तो पाचातून एकदा साधणारा आकडा आहे.

इथेच थांबले असते, पण तुमच्या पत्रातला एक आकडा मला सोडवेना. सुरुवातीला १२४ स्टोऱ्या होत्या, त्यांतल्या ७० झाल्या. मग ५४ उरायला हव्यात. तुम्ही ८४ लिहिल्यात. ३० कुठून आल्या?

बॅकलॉग वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी अंदाज काढताना ही वाढ हमखास विसरली जाते. तुमच्याकडे दर स्प्रिंटला सरासरी ७ स्टोऱ्या संपतात आणि ३ नव्या येतात, म्हणजे ढीग फक्त ४ने उतरतो. ८४ भागिले ४ म्हणजे २१ स्प्रिंट, आणि तीही पुन्हा निम्म्या शक्यतेची मुदत. ८५ टक्क्यांच्या आसपास खात्री हवी असेल तर २४. तुम्ही सांगायला निघाला होता त्या १२च्या बरोबर दुप्पट.

(ही भर मी सरसकट ३ धरली आहे. प्रत्यक्षात एका स्प्रिंटमध्ये एकही नवी स्टोरी आली नसेल आणि पुढच्यात आठ आल्या असतील. ते स्प्रिंटनिहाय आकडे जिरामधून (कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) काढून त्याच खेळात घातलेत तर अंदाजाचा पट्टा आणखी रुंद होईल.)

त्या ३० स्टोऱ्या एकदा वर्गवारी करून पाहा. काही मोठ्या स्टोऱ्या फोडून झालेल्या असतील. मोठी कामं फोडून संपली की ही भर आपोआप आटते. काही बग असतील, ते कायम येत राहणार. उरलेल्या 'जरा एवढं पण करून टाका' या सदरातल्या असतील आणि त्यांची किल्ली डायरेक्टरांकडे आहे. म्हणून त्यांच्यासमोर एक आकडा ठेवू नका, निदान ८५ टक्क्यांच्या आसपास खात्रीचे तीन ठेवा: यादी आजच गोठवली तर १४ स्प्रिंट, नवी भर निम्म्यावर आणली तर १८, आत्तासारखीच चालू राहिली तर २४. आठवड्यांत २८, ३६ आणि ४८. कोणता हवा ते त्यांनी ठरवायचं. टीमला 'वेग वाढवा' म्हणण्यापेक्षा या चर्चेतून बरंच काही निघतं, हा माझा अनुभव.

आम्ही प्रत्येक स्टोरीला तिच्या आकारानुसार गुण, म्हणजे स्टोरी पॉइंट, देतो. तुम्ही म्हणता नुसत्या स्टोऱ्या मोजा. मग एक पॉइंटची आणि तेरा पॉइंटची स्टोरी सारखीच धरायची? — स्क्रम मास्टर

अंदाजापुरती, हो. मागच्या दहा स्प्रिंटमध्येही लहान-मोठ्या स्टोऱ्यांची सरमिसळ होतीच, ती त्या आकड्यांत मुरलेली आहे. पुढची सरमिसळ साधारण तशीच असेल तर नुसती मोजणी चालते. एकच पथ्य पाळायचं: कुठलीही स्टोरी एका स्प्रिंटमध्ये मावायला हवी. जी मावत नाही ती आधी फोडायची.

माझ्या शब्दावर विसंबू नका, तुमच्याच आकड्यांवर पडताळा. समजा तुम्ही सहाव्या स्प्रिंटच्या शेवटी उभे आहात आणि पुढचं काहीच माहीत नाही. पहिल्या सहांवरून पुढच्या चारांचा अंदाज काढा, एकदा पॉइंट वापरून, एकदा मोजणी वापरून, आणि प्रत्यक्षाशी ताडून बघा. वरच्या पत्रातले आकडे घेतले तर पहिल्या सहांची बेरीज ४१ येते, त्या हिशेबाने पुढच्या चारांत २७ स्टोऱ्या व्हायला हव्या होत्या. झाल्या २९. वाईट नाही. तुमच्याकडे पॉइंट जास्त जवळ जात असतील तर खुशाल पॉइंट वापरा. सारखेच जात असतील, तर पॉइंट ठरवण्याच्या बैठकीचे तास कशाला घालवायचे? त्या बैठकीत 'ही स्टोरी म्हणजे नेमकं काय' यावर जे वाद होतात ते मात्र मोलाचे असतात. बैठक ठेवा, पॉइंट ठरवायला आकड्यांचे पत्ते टाकणं सोडा.

आमच्या तीन टीम एकाच रिलीजवर (सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर) काम करतात. व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट, ६०, ३५ आणि ४२. वरिष्ठांनी तिन्हींची बेरीज करून रोडमॅप बनवला आहे आणि ३५वाल्या टीमला 'निदान ५०वर या' असं सांगितलं आहे. — नाव छापू नये

नाव छापत नाही. पत्र मात्र कापून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

प्रत्येक टीमचा पॉइंट निराळा असतो. एकीचा पाच म्हणजे दुसरीचा दोन. त्यांची बेरीज म्हणजे फूट, मीटर आणि हात एकत्र मिळवून रस्त्याची लांबी सांगणं. आणि ३५वाली टीम ५०वर येईल, अगदी दोन स्प्रिंटमध्ये येईल, त्याची काळजी नको. काल तीनची असलेली स्टोरी उद्यापासून पाचची होईल. काम तेवढंच होईल, पण अंदाज काढायला जो मागचा इतिहास होता तो नासेल. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये पतधोरणाच्या संदर्भात हेच मांडलं होतं: एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब दिला की त्या आकड्यातली नियमितता कोसळते.

यापेक्षा मोठी गोम दुसरीकडे आहे. तिन्ही टीमचं काम झाल्याशिवाय रिलीज निघत नसेल आणि प्रत्येकीची वेळेत संपण्याची शक्यता ८५ टक्के असेल, तर तिन्ही वेळेत संपण्याची शक्यता ०.८५ गुणिले ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. चौथी टीम आली की ५२. आणि इथे त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलंय. एकीचं अडलं की दुसरीचंही अडतं असा मामला असेल तर हा गुणाकार सरळ लागू होत नाही, तेव्हा तिन्हींचे एकाच स्प्रिंटचे आकडे एकत्र उचलून खेळ मांडावा लागतो. रिलीजला ८५ टक्के खात्री हवी असेल तर प्रत्येक टीमने आपापली तारीख ९५ टक्क्यांना सांगायला हवी. त्याहून बरं म्हणजे तिघींची गाठ सोडवून एकेकीचं काम स्वतंत्रपणे बाहेर काढता येतं का ते बघणं. ते अवघड असतं, पण तारखा तिथेच अडकलेल्या असतात.

टीममध्ये दोन माणसं वाढवली तर अंदाजाची तारीख किती टक्क्यांनी अलीकडे आणू?

पहिले काही स्प्रिंट ती उलट लांबवा. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की उशीर वाढतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्येच लिहून ठेवलंय. नवी माणसं शिकणार, जुनी त्यांना शिकवणार. नंतर जे आकडे येतील ते नव्या टीमचे धरायचे.

त्याआधी फुकटातलं एक करून बघा: एका वेळी किती स्टोऱ्या उघड्या आहेत ते मोजा. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की हाती घेतलेलं काम भागिले कामाचा वेग, एवढा सरासरी वेळ प्रत्येक कामाला लागतो. स्प्रिंटला ७ संपतात आणि २१ उघड्या असतील, तर प्रत्येक स्टोरी सरासरी तीन स्प्रिंट रखडते. उघड्या १४वर आणल्या तर दोन. याने शेवटची तारीख लगेच अलीकडे येत नाही, पण पहिल्या कामांचा निकाल लवकर हाती येतो आणि कुठे चुकतंय तेही लवकर कळतं.

आमच्याकडे उलटं आहे. तारीख ठरलेली आहे, करारात लिहिलेली. तिथे 'शक्यता' कोण ऐकणार? शिवाय रोडमॅपवर स्टोऱ्या नसतातच, एपिक (अनेक स्टोऱ्यांची मोठी कामं) असतात, आणि तेही फोडलेले नसतात. — प्रॉडक्ट मॅनेजर

तारीख पक्की असेल तर प्रश्न उलटा विचारायचा: तोपर्यंत किती होईल? पहिल्याच पत्रातली टीम घेऊ आणि समजू की तारीख १२ स्प्रिंटवर आहे. तोच खेळ, फक्त या वेळी बारा आकडे उचलायचे आणि बेरीज लिहायची. ८५ टक्के वेळा बेरीज ७५ किंवा जास्त येते. ९३ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या घरात.

मग प्राधान्याने लावलेल्या यादीवर दोन रेघा मारा. एक ७५व्या कामाखाली, दुसरी ९३व्या कामाखाली. पहिल्या रेघेच्या वरचं कराराला जोडायला हरकत नाही. दोन रेघांमधलं 'जमलं तर'. दुसऱ्या रेघेखालचं या तारखेला नाही, आणि तसं आजच सांगायचं. रेघा मारल्या की एक गंमत होते. कुणी नवी मागणी घेऊन आलं की 'होईल का' हा वाद मिटतो, आणि 'वर कुठे घालू आणि ७५च्या रेघेखाली काय ढकलू' एवढंच ठरवायचं राहतं. पण त्या ७५ जागांत नवे बग आणि नव्या मागण्याही बसणार आहेत. दर स्प्रिंटला ३ अशी भर पडली तर बारा स्प्रिंटमध्ये ३६ जागा त्यांनी खाल्ल्या, आजच्या यादीतल्या ३९च उरल्या. करारात लिहिताना हा ३९ डोळ्यांसमोर असू द्या.

आता एपिक. एपिकचा अंदाज टीमला विचारू नका, जुन्या एपिकना विचारा. मागचे पाच-सहा एपिक शेवटी किती स्टोऱ्यांवर संपले ते काढा. समजा ६, ९, ८, १४ आणि ७ असे आकडे आले. पुढच्या न फोडलेल्या प्रत्येक एपिकसाठी यांतलाच एक आकडा आंधळेपणाने उचला आणि मग स्प्रिंटचा खेळ मांडा. टीमला विचारलंत तर ती म्हणेल, 'हे सोपं आहे, पाचात होईल.' खोटं बोलत नसते ती. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमस टव्हर्स्की यांनी १९७९मध्ये दाखवून दिलं की स्वतःच्या कामाकडे आतून पाहणारा माणूस मुदत कमी सांगतो. तशाच जुन्या कामांना प्रत्यक्षात काय लागलं ते बाहेरून पाहिलं तर अंदाज सुधारतो. तो १४वाला एपिकही सुरुवातीला पाचाचाच वाटला असेल.

दोन तिमाहींच्या पलीकडच्या एपिकवर मी तारीख छापतच नाही. तिथे 'नंतर' असा एकच रकाना ठेवते आणि कुणी कितीही आग्रह केला तरी त्याचे तुकडे पाडत नाही.

'कोण ऐकणार' याबद्दल: स्प्रिंटने काम करायच्या 'स्क्रम' पद्धतीची पुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडमध्ये स्प्रिंटच्या कामाला पूर्वी टीमची 'कमिटमेंट' म्हणत, २०११च्या आवृत्तीत ते बदलून 'फोरकास्ट', म्हणजे अंदाज, केलं. करार करणाऱ्यांना ते वाचून दाखवायची गरज नाही. ७५ आणि ९३ या दोन रेघा दाखवा, त्या लगेच कळतात.

टीम नवी आहे, फक्त चार स्प्रिंट झालेत. एवढ्यावर काही सांगता येतं का?

येतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त. स्प्रिंट साधारण एकसारख्या परिस्थितीत होत असतील, तर पुढचा आकडा आजवरच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्या दरम्यान पडण्याची शक्यता ढोबळमानाने (न वजा १) भागिले (न अधिक १) असते. 'न' म्हणजे झालेले स्प्रिंट. चार असतील तर ६० टक्के, सात झाले की ७५, अकरा झाले की ८३. हे फक्त पुढच्या एका स्प्रिंटबद्दल आहे, वर्षभराच्या बेरजेबद्दल नाही. पण 'वर्षभर आकडे साठल्याशिवाय बोलणार नाही' म्हणणाऱ्यांना दाखवायला पुरेसं आहे. अगदी पहिला स्प्रिंट टाकून द्या. तो बहुधा लॉगिन मिळवण्यात गेलेला असतो.

८५ टक्के सांगितलं आणि तारीख हुकली. साहेब म्हणाले, 'तुझं ते ८५ टक्के खोटं निघालं.' काय उत्तर द्यायचं? — वैतागलेला डिलिव्हरी लीड

एका हुकण्यावरून ते खरंही ठरत नाही आणि खोटंही. सातातून एकदा हुकणार असं तुम्ही आधीच सांगितलं होतं. पण हे वाक्य साहेबांसमोर म्हणू नका, पळवाट वाटेल.

त्याऐवजी एक वही ठेवा. दिलेला प्रत्येक अंदाज, दिल्याचा दिवस, किती टक्के खात्री आणि प्रत्यक्षात काय झालं. दर स्प्रिंटनंतर नवे आकडे घालून अंदाज पुन्हा काढा, पण जुनी ओळ खोडू नका. वीसेक अंदाज जमले की मोजा. ८५ टक्क्यांचे म्हणून दिलेल्या विसांपैकी १७च्या आसपास साधले असतील तर वही घेऊन साहेबांकडे जा. १२च साधले असतील तर साहेबांचं बरोबर होतं. बहुतेक नव्या स्टोऱ्यांची भर धरायची राहिली असेल, तिथून शोध सुरू करा. आणि वीसच्या वीस साधले असतील तर तारखा फार सैल दिल्या जात आहेत. पुढच्या वेळी ८५च्या जागी ७० टक्क्यांची तारीख मांडून बघा.